मांस खोटं बोलत नाही

डॉ. काशिनाथ मढवी माणसाच्या तोंडाकडे फारसं बघत नसत. समोर कोणीही असो, त्यांची नजर त्याच्या हातातल्या बाटलीवर. पनवेलमध्ये अजूनही पद्धत अशी की ऑपरेशन झालं की सर्जन बाहेर येतो, काढलेला तुकडा ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवतो, "हे बघा, एवढं होतं," आणि मग तोच तुकडा बाटलीत घालून त्यांच्याच हातात देतो. जा, लॅबमध्ये पोचवा. मग कुणाचा जावई, कुणाचा भाऊ ती बाटली काळ्या पिशवीत लपवून रिक्षाने आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये यायचा आणि टेबलावर ठेवून दोन हात लांब उभा राहायचा. सर बाटली उचलायचे, उजेडाकडे धरायचे आणि पेशंटचं नाव विचारायच्या आधी म्हणायचे, "वा!"

नातेवाईक बिचारा दचकायचा. एका माणसाने तर आनंदाने विचारलं होतं, "म्हणजे साधी गाठ आहे ना डॉक्टर?" सर म्हणाले, "साधी कसली, सुंदर आहे." तो माणूस पेढे आणायला निघाला होता. मी त्याला जिन्यात गाठून थांबवलं.

मी त्यांच्याकडे अकरा वर्षं टेक्निशियन होते. मेणात बसवलेल्या तुकड्यांचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे, आणि सकाळी येणाऱ्यांचं रक्त घ्यायचं, हे माझं काम. रोडपालीहून दोन रिक्षा बदलून मी साडेसातला पोचायची तर सर आधीच सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेले असायचे. दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेल्या दोन पाट्या होत्या. एक, "रक्त तपासणीस उपाशीपोटी यावे." दुसरी, "रिपोर्टशी वाद घालू नये." दुसऱ्या पाटीचा अर्थ लोक मला विचारायचे. मी सांगायची, थांबा, वाद घालून बघा म्हणजे कळेल.

त्यांचे दोन्ही थोरले भाऊ बिल्डर. बापाची शेतं आणि मिठागर नव्या शहरासाठी सरकारकडे गेलं तेव्हा मोबदल्यावर भावांनी टॉवर उभे केले, आणि या धाकट्याने गावदेवीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांची लॅब. पुतण्याच्या हळदीला मांडवाबाहेर हार घातलेल्या काळ्या गाड्यांची रांग आणि टोकाला सरांची स्कूटर, तिला कोणीतरी थट्टेने झेंडूची माळ घातलेली. भावांनी नव्या टॉवरमध्ये तळमजल्याचा गाळा फुकट देऊ केला होता. सर म्हणाले, "शेजारी खांब ठोकायचं मशीन चालू आहे. माझा काप हलतो." विमानतळासाठी डोंगर फोडत होते त्या दिवसांत सुरुंगाच्या वेळा त्यांना पाठ होत्या. "सावंत, हात उचल," म्हणायचे. मी पातं थांबवायची. लांबून धडाम ऐकू यायचं, कपाटातल्या काचा किणकिणायच्या, आणि मग आम्ही पुढे कामाला लागायचो.

त्यांचं एक वाक्य होतं, दिवसातून दोनदा तरी यायचं. "माणूस खोटं बोलतो, मांस खोटं बोलत नाही." कळंबोलीच्या लोखंड बाजारातला एक व्यापारी होता, गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात थेंबाला शिवलो नाही म्हणून शपथा घेणारा. त्याच्या यकृताचा तुकडा आमच्याकडे आला. सरांनी रिपोर्ट लिहिला, तो भांडायला आला, सोबत बायको. सरांनी सरळ बायकोला सूक्ष्मदर्शकाजवळ बसवलं आणि म्हणाले, "हे पांढरे फुगे दिसतायत ना वहिनी? ही दारू आहे." बायकोने डोळे वर केले आणि नवऱ्याकडे असं बघितलं की दुसऱ्या पाटीची गरजच उरली नाही. सर दिवसभर खुशीत होते. मलाही हसू आलं होतं. त्या वाक्यात किती माज आहे हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आता कळून उपयोग नाही.

सगळ्या मांसात त्यांचा जीव एका तुकड्यावर. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली, चार-पाच ग्रॅमची पिवळट ग्रंथी, ॲड्रिनल. शरीरावर संकट आलं की हीच धावते. रक्तदाब, साखर, मीठ, सगळं तिच्या हाताखाली. तिच्यातून निघणारं कॉर्टिसोल नसेल तर माणूस साध्या तापातही मरतो, आणि जास्त झालं तर फुगत, पिचत, हाडं ठिसूळ होत मरतो. हे पुस्तकात आहे. सरांना पुस्तकाबाहेरचं वेड होतं.

"पुस्तक काय सांगतं?" ते मला विचारायचे, मी पातं पुसत असताना. "मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी आहे, ती रक्तातून हुकूम पाठवते, ही ऐकते. बरोबर? अगं, आमच्या गावाला अलिबागवरून कलेक्टरचा हुकूम यायचा. पण गावात काय होणार ते अलिबागला ठरायचं का? ते ठरायचं दोन घरांच्या कुंपणावर. बाया काय बोलल्या त्यावर. इथेही तसंच. या पेशीने त्या शेजारणीला काहीतरी सांगितलं, रक्तात न जाता, परस्पर. आणि काम झालं."

पेशीच्या अंगावर हार्मोन ओळखणाऱ्या ज्या जागा असतात त्यांना ते कान म्हणायचे. ज्याचा कान असेल तेच पेशीला ऐकू येतं. "आणि गाठ झाली की काय होतं माहितीय? नको ते कान फुटतात. ज्याचं ऐकायचं काही कारण नाही त्याचं ऐकायला लागतात. नव्या सुनेसारखं नाही, नव्या सरपंचासारखं." आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचे. ऐकणारी मी एकटी. बाहेर बाकावर साखर तपासायला आलेली माणसं उपाशीपोटी जांभया देत असायची.

हे कान बघायचे तर तुकडा ताजा हवा. टिकवण्यासाठी फॉर्मालिनमध्ये बुडवला की त्यातलं बरंच काही मरतं. म्हणून कुठे ॲड्रिनलचं ऑपरेशन आहे असं कळलं की सर स्वतः जायचे. मासळी बाजारातल्या एका कोळणीकडून त्यांनी थर्माकोलचा खोका घेतला होता, बर्फही तिच्याकडूनच. तो खोका कितीही धुतला तरी कोलंबीचा वास सोडत नव्हता. एकदा ऑपरेशन थिएटरच्या दारात सर्जन म्हणाले, "मढवी, आज काय, पापलेट की हलवा?" सर गंभीरपणे म्हणाले, "डावी ॲड्रिनल," आणि खोका पुढे केला. असे तीसेक माणसांचे तुकडे त्यांनी जमवले होते. आतल्या खोलीत एक जुना डीप फ्रीझर होता, त्यात ते नावागावासकट ठेवलेले. वीज गेली की सर जनरेटरआधी त्या फ्रीझरवर गोधड्या टाकायचे. मुंबईत एका संशोधन संस्थेत त्यांचा एक विद्यार्थी होता, त्याच्याकडे अधूनमधून तुकडे पाठवायचे, आणि उत्तराची वाट बघत बसायचे.

हिराबाई ही त्यांची धाकटी बहीण. पळस्प्याच्या पुढे एका गावात दिलेली. नवरा नामदेव, स्वतःच्या गेलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या गोदामाचा वॉचमन. हिराबाई महिन्यातून दोनदा लॅबमध्ये यायच्या, सोबत तांदळाच्या भाकरी आणि सुकटीचं कालवण. डबा सरळ स्लाइडच्या ट्रेवर ठेवायच्या. या जगात सरांच्या स्लाइडवर डबा ठेवायची हिंमत असलेलं ते एकमेव माणूस.

मी लॅबमध्ये लागले तेव्हा हिराबाई काटक होत्या. मग हळूहळू त्यांचा चेहरा गोल व्हायला लागला, लाल, चकचकीत. पोट सुटलं आणि हातपाय मात्र काटक्याच राहिले. जिना चढताना कठड्याला धरायच्या. दंडावर बोट लागलं तरी निळा डाग उठायचा. सरांना कळलं नाही असं नाही. उलट पहिल्यांदा त्यांनाच कळलं. त्यांच्या आवडत्या ग्रंथीचाच आजार बहिणीच्या तोंडावर उमटलेला, ते कसं चुकेल? त्यांनी सांगितलं, "हिरे, सकाळी आठला ये. उपाशी." हिराबाई आल्या. मी रक्त घेतलं. कॉर्टिसोल कमी. जास्त तर नाहीच, असायला हवं त्याहूनही थोडं कमी. सहा महिन्यांनी पुन्हा, आणखी एका वर्षाने पुन्हा. दर वेळी उपाशी, दर वेळी कमी.

"ग्रंथीचं काही नाही," सर म्हणाले. "खाणं कमी कर."

"मी तं उपास करते रे, दादूस."

खरंच करायच्या. आणि हिराबाईंचे उपास आपल्यासारखे खिचडी आणि वऱ्याच्या तांदळाचे नव्हते. सोमवार, संकष्टी, एकादशी, दिवसभर कोरा चहा, बस. त्या दिवशीही सोमवार होता. बाकावर बसून त्या म्हणाल्या, ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण मी शेजारी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. "उपासाच्या दिशी मना बरा वाटतं. अंग हलका लागतं. जेवले का मंग तोंड फुगतं, छातीत धडधडतं, आनि रडूच येतं बग. जेवानच मना बाधतं."

सरांनी सूक्ष्मदर्शकातून डोळे वर काढले नाहीत. "तुला पुण्य लागतंय, हिरे. त्याला आमच्याकडे टेस्ट नाही."

त्या हसल्या. मीही हसले. जेवल्यावर बाधतं, उपास केला की बरं वाटतं. आख्खा आजार त्या बाईने दोन वाक्यांत सांगितला होता, ज्याने आयुष्यभर हाच आजार हुडकला त्याला. पण माणूस खोटं बोलतो ना. त्यातून घरातली बाई, त्यातून देवाधर्माचं. सरांनी रिपोर्ट वाचला आणि बहीण सोडून दिली. दुसऱ्या कुणा डॉक्टरकडे गेल्या असत्या तर त्याने चोवीस तासांची लघवी तपासली असती, रात्रीचं रक्त घेतलं असतं, आणि दोन आठवड्यांत उलगडा झाला असता. पण भाऊ डॉक्टर असताना परक्याकडे कोण जातं? सहा वर्षं गेली. साखर आली. एक दिवस पाण्याची कळशी उचलताना मणका दबला, तेव्हापासून हिराबाई वाकून चालायला लागल्या. गावातल्या बायका म्हणायच्या, उपास नावाचे करते, चोरून खाते. नामदेवही तेच म्हणायला लागला होता. हे हिराबाईंनी मला सांगितलं, सरांना नाही.

मग एक दिवस त्या दुपारी आल्या. पुतणीच्या साखरपुड्याचं जेवून आल्या होत्या. साखर तपासायची होती. नियमाप्रमाणे मी त्यांना परत पाठवायला हवं होतं. पण बाई घामाने भिजलेली, कंबरेत वाकलेली, पुन्हा पळस्प्याहून कुठे बोलवायचं? मी रक्त घेतलं, आणि सरांच्या जुन्या सवयीने कॉर्टिसोलच्या नळीतही थोडं घातलं. रजिस्टरमध्ये "उपाशीपोटी" असं छापलेलंच असतं, ते खोडायची तसदी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सर कागद घेऊन माझ्या अंगावर आले. "नळ्या बदलल्यास तू! हे हिराचं नाही. हे एवढं कुणाचं आहे?"

"हिराबाईंचंच आहे, सर."

"शक्य नाही."

"जेवून आल्या होत्या," मी म्हणाले. "चुकलं माझं."

ते ओरडायचे थांबले. मग स्टुलावर बसले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच असं पाहिलं की समोर बाटली नाही, काच नाही, आणि तरी माणूस काहीतरी बघतोय. म्हणाले, "जेवल्यावर फुगते म्हणाली होती ना गं?"

"हो सर."

"किती वेळा?"

मी खोटं बोलले. "एकदा," म्हणाले. निदान दहा वेळा सांगितलं होतं हिराबाईंनी.

पुढच्या गुरुवारी हिराबाईंना बाकावर बसवून सकाळी रक्त घेतलं. मग सर म्हणाले, "आता जेव." त्यांनी डबा उघडला आणि आमच्या देखत भाकरी, सुकट, भात खाल्ला. सर समोर स्टुलावर बसून बहिणीचा घास न् घास बघत होते. हिराबाई लाजल्या. "असा काय बगतंस रं? नजर लागल." अर्ध्या तासाने रक्त, तासाने रक्त, दोन तासांनी रक्त. आकडे जिना चढावा तसे चढत गेले. जेवण पोटात गेलं की आतडं एक हार्मोन सोडतं, ते साखरेची सोय लावण्यासाठी असतं, ॲड्रिनलचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. पण हिराबाईंच्या दोन्ही ग्रंथींना गाठी होत्या आणि त्या गाठींना तो नको असलेला कान फुटला होता. आतड्याने "जेवण आलं" म्हटलं की या वेड्यासारख्या धावत सुटायच्या. उपासाला आतडं गप्प, म्हणून त्याही गप्प.

आणि आम्ही सहा वर्षं तिला उपाशी बोलवत होतो.

संक्रांतीनंतर मुंबईला ऑपरेशन झालं. दोन्ही ग्रंथी काढल्या. सर कोलंबीच्या वासाचा खोका घेऊन दाराबाहेर उभे होते. महिन्याभराने विद्यार्थ्याचा फोन आला, कान सापडला होता. जगात असे पेशंट मोजके. सरांना आनंद झाला, मी खोटं कशाला बोलू? लहान मुलासारखे खोलीत फिरले. मग एकदम पाटी काढायला गेले, ती "उपाशीपोटी यावे" वाली. मी म्हटलं, सर, बाकीच्यांच्या साखरेचं काय? तर पुन्हा लावली.

हिराबाई टाके सुकल्यावर आल्या. सरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाजवळ बसवलं. "बघ. ही तू."

त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं. "मना तं नुसता गुलाबी दिसतंय, दादूस."

सर समजावून सांगायला लागले, आतडं, कान, कुंपण, शेजारीण. त्या ऐकत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "यो तं मी तुला सांगतच व्हते. इतकी वर्सं."

सरांनी स्लाइड काढून ट्रेमध्ये ठेवली. हिराबाईंनीच मग डबा उघडला, म्हणाल्या, "खा आता. आता मना काय नाय होत."

दोन्ही ग्रंथी गेल्या म्हणजे कॉर्टिसोल अंगात बनणारच नाही. ते गोळीतून घ्यायचं, रोज, मरेपर्यंत. सरांनी तो विषय कुणावर सोडला नाही. दर महिन्याला स्वतः गोळ्या आणायचे, प्रत्येक पाकिटावर काळ्या मार्करने मोठ्या अक्षरात लिहायचे, "सकाळी २, दुपारी १, जेवणानंतर." पोटाला जळजळ नको म्हणून. ताप आला तर दुप्पट घ्यायची, उलटी झाली तर लगेच फोन करायचा, पडलीस तर फोन करायचा, हे सगळं त्यांनी नामदेवला, मुलाला, सुनेला पाठ करून घेतलं. परीक्षा घ्यायचे. "उलटी झाली तर?" "फोन." "किती वेळाने?" "लगेच." आणि हिराबाईंना सांगितलं, "आता उपासबिपास बंद. पोटभर खायचं." त्या हसून हो म्हणाल्या आणि खरंच जेवायला लागल्या. चेहरा उतरला, गालांची हाडं दिसायला लागली. एकदा त्या आल्या तेव्हा मी ओळखलंच नाही. माझ्या लक्षात राहिलेली ती सहा वर्षांपूर्वीची बाई परत आली होती, फक्त वाकलेली.

गणपतीच्या आदल्या दिवशी हरतालिका. हिराबाईंनी सोमवार सोडले, एकादशी सोडली. हरतालिका सोडायची असते हे त्यांच्या मनातही आलं नाही. लहानपणापासून कडक, पाणीसुद्धा न पिता करत आलेल्या. सरांच्याही मनात आलं नाही. ताप, उलटी, पडणं, अपघात, त्यांनी सगळ्याचा विचार केला होता. ज्या एका गोष्टीने त्यांना सहा वर्षं फसवलं, त्या उपासाच्या दिवशी गोळीचं काय, एवढंच सांगायचं राहिलं.

त्या दिवशी हिराबाईंनी गोळी घेतली नाही. सकाळची नाही, दुपारची नाही. सुनेने विचारलं होतं. हे तिने नंतर सगळ्यांसमोर सांगितलं, रडत. "मी बोलले ना आत्या, गोली? तं बोलल्या, जेवानच नाय तं गोली कशी घेवाची? दादूसनी लिवलंय ना, जेवनानंतर." दुसऱ्या दिवशी गणपती बसायचा होता. नैवेद्य होईपर्यंत हिराबाई जेवणार नव्हत्या, म्हणून सकाळचीही राहिली. मोदकाच्या उकडीला बसल्या असताना त्यांना गरगरलं. उलटी झाली. सुनेने लगेच फोन केला, अगदी शिकवल्याप्रमाणे. सर भावाकडे गणपतीच्या आरतीत होते. टाळ, ढोलकी, पन्नास माणसांचा आवाज. फोन खिशात वाजत होता, ऐकू आला नाही. चौथा फोन पुतण्याच्या मोबाइलवर आला, तेव्हा ते धावले. तोवर नामदेवने रिक्षात घातलं होतं. पळस्पे फाट्यावर कोकणात जाणाऱ्या गाड्या कालपासून तुंबलेल्या. सर स्कूटर टाकून उलट्या दिशेने चालत गेले, इंजेक्शन खिशात. रिक्षा सापडली तेव्हा हिराबाईंचा हात गार होता. त्यांनी रस्त्यावरच इंजेक्शन दिलं. मेलेल्या बाईला दिलं.

घरात सुतक, म्हणून शेजाऱ्यांनी गणपती उचलून आपल्या घरी नेला. मी संध्याकाळी पोचले तेव्हा मखर रिकामं होतं आणि सर त्याच्यासमोर भिंतीला टेकून बसले होते. कोणीतरी म्हणालं, ट्रॅफिक नसतं तर वाचली असती. सर म्हणाले, "नाय. मी लिवलं व्हतं." एवढंच. आयुष्यात मी त्यांना आमच्यासमोर गावचं बोलताना ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ते लॅबमध्ये आले. मला वाटलं काम सुरू होईल. त्यांनी हिराबाईंची स्लाइड मागितली, लावली, आणि तासभर बघितली. मग म्हणाले, "हिने कधी खोटं सांगितलं का गं?"

"नाही, सर."

"मग माझं वाक्य चुकीचं होतं."

उठून आत गेले आणि डीप फ्रीझरचं बटण बंद केलं. मी म्हटलं, सर, सगळं खराब होईल. ते म्हणाले, होऊ दे. तीसेक माणसांचे तुकडे, सगळ्यांची नावं मला पाठ. दोन दिवसांनी मी एकटीने तो फ्रीझर रिकामा केला. पाणी, वास, आणि चिठ्ठ्यांवरची विरघळलेली शाई. हिराबाईंचा तुकडाही त्यातच होता. मी तो वेगळा काढला, हातात धरला, आणि मग बाकीच्यांबरोबर दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला. दुसरं काय करणार?

लोक मला म्हणतात, तुझ्यामुळे तर आजार कळला. मला त्या कौतुकाची चीड येते. मी त्या दिवशी नियम पाळून हिराबाईंना परत पाठवलं असतं, तर त्या फुगलेल्या, वाकलेल्या, गावाच्या टोमण्यांत, पण अजून दोन-चार वर्षं जगल्या असत्या. असा हिशोब कोणी करू नये म्हणतात. मी रोज करते.

लॅब महिन्याभरात बंद झाली. तिथे आता मोबाइलच्या काचा बदलून देतात. मी कामोठ्याला दुसरीकडे लागले. सरांना मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही.

पुढच्या श्रावणात पेणला मावशीकडे निघाले होते. पळस्पे फाट्यावर डोकं दुखायला लागलं म्हणून एका मेडिकलमध्ये शिरले, आणि पायरीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर सर बसलेले. दाढी वाढलेली, अंगावरचा शर्ट इस्त्रीचा, बटणं मात्र एकेक घर चुकलेली. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंडाकडे, नीट, असं कधीच बघत नसत. "तुझा उपास कधी असतो?"

"मी करत नाही, सर. मी सावंत."

"सगळे असंच सांगतात," ते म्हणाले, आणि नजर दाराकडे लावली.

दुकानदार हळू आवाजात मला म्हणाला, "रोज येतात. मोठा माणूस, उठ कसं म्हणायचं? येईल त्या बाईला एकच विचारतात. गिऱ्हाईक तुटतंय, मॅडम."

तेवढ्यात तिशीची एक बाई आली. फिटच्या गोळ्यांचं पाकीट घेतलं, पदरात बांधलं. सर उठले. "बाय, उपास कंदी असतो तुजा?"

"आज हाय ना. सोमवार."

"मंग आजची गोली?"

"ती उद्या. उपासाला नाय घेत मी."

मी सरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. कितीतरी महिन्यांत बहुधा पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना खरं उत्तर दिलं होतं. "आता घे," ते म्हणाले. "पान्यासंगं घे. देवाला काय नाय व्हत. मी डाक्टर हाय."

बाईने दुकानदाराकडे बघितलं. त्याने डोक्याजवळ बोट फिरवलं. "सोडा ओ बाबा," ती म्हणाली आणि बाजूने निघाली. सरांनी तिच्यासमोर हात जोडले. "घे गं. मी पाया परतो तुज्या."

ती घाबरली, जवळजवळ पळतच रिक्षात बसली. मी मागे धावले, ओरडले, अहो, ते खरं सांगतायत, गोळी घ्या. रिक्षा महामार्गाला लागली होती.

परत आले तर सर तसेच उभे होते, हात जोडलेले, पुढच्या गिऱ्हाइकाकडे तोंड करून. एक म्हातारी काठी टेकत पायरी चढत होती, हातात औषधाची जुनी चिठ्ठी. तिने वर बघितलं, त्यांना ओळखलं, आणि दुसऱ्या पायरीवरूनच मागे फिरली.